माणूस बसला की दोन बोटं

१

रविवारी गॅरेज बंद असायचं, म्हणजे गिऱ्हाइकांना बंद. ताई शटर अर्धं वर करून आत शिरायची, रेडिओ लावायची आणि आठवडाभर मागे पडलेलं, स्वतःच्या आवडीचं काम हातात घ्यायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, कारण ते शाळेत भूगोल शिकवायचे. घरात ताईही त्यांना मास्तरच म्हणायची, थोडं लाडाने आणि बरंचसं चिडवायला.

गॅरेज तिच्या वडिलांचं. त्यांनी जाताना तिच्यासाठी हत्यारं ठेवली आणि काही सवयी ठेवल्या. त्यातली एक बोटांची. गाडीच्या चाकावर पत्र्याची जी कमान असते, ती आणि टायर यांच्या मधल्या फटीत बोटं घालून ते गाडी किती बसली आहे ते सांगायचे. दोन सीटांच्या हलक्या गाड्या त्यांच्या विशेष प्रेमाच्या. "माणूस बसला की दोन बोटं, उतरला की तीन," असं ते म्हणायचे, आणि ताईने आयुष्यात त्या मापाला चुकताना पाहिलं नव्हतं.

अशीच एक गाडी मास्तरांनी पन्नाशी उलटल्यावर घेतली. लांब नाकाची, बुटकी, जुनी स्पोर्ट्स कार. हौसेला मोल नसतं, आणि मास्तरांच्या हौसेला तर अक्कलही नव्हती, असं ताईचं मत होतं. खड्ड्यात चाक गेलं की सगळी गाडी खडखडायची. पण मास्तर तिच्याभोवती ज्या तोंडाने फिरत होते ते पाहून ती काही बोलली नाही. हे तोंड तिने लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

गाडी आणून दिली ती आधीच्या मालकाने. गावात चष्म्याचं दुकान असलेला माणूस, मास्तरांचा चष्मा त्याच्याकडचाच. तो गाडीतून उतरला तेव्हा ताईला वाटलं, याचा डावा खांदा निखळलाय की काय. डाव्या हातात भरलेली बादली धरावी तसा तो एका बाजूला ओढलेला उभा होता. हात रिकामाच होता.

"एकटा माणूस मी," तो म्हणाला. "घरातही एकटा, गाडीतही एकटाच फिरलो. जपून वापरलीय."

"दिसतंय ते," ताई म्हणाली. खालून काय दिसणार आहे ते तिला ठाऊक होतं.

"डावीकडचं दार आतून उघडत नाही. मूठ काढून ठेवलीय. ते राहू द्या तसंच."

"मूठ काढली कशाला?"

"राहू द्या," तो पुन्हा म्हणाला, किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली आणि निघाला. ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. फाटकापर्यंत तो तसाच वाकडा चालत गेला. रस्त्याला लागल्यावर मात्र त्याने एकदा मान फिरवली, खांदे मागे घेतले आणि सरळ, ताठ, भराभर चालू लागला. जणू कुणी हाक मारील अशी त्याला धास्ती होती.

२

खडखडाटाचं कारण ताईला न बघताही सांगता आलं असतं. बुश गेले होते आणि शॉकअप गेले होते. चाक गाडीला ज्या लोखंडी दांड्यांनी जोडलेलं असतं, त्या दांड्यांच्या टोकाशी नळीत बसवलेलं रबर म्हणजे बुश. चाक खालीवर झालं की ते रबर पिळतं आणि परत सरळ होतं. शॉकअपचं काम त्याहून साधं: गाडी एकदा दबली की तिने पाळण्यासारखं झुलत बसू नये, गुपचूप वर यावं.

त्या रविवारी तिने गाडी जॅकवर घेतली आणि मागचे दांडे उतरवले. उजवीकडचे बुश हातात आले ते जुने होते, पण खाऊनपिऊन सुखी होते. डावीकडचे बघून तिने रेडिओ बंद केला.

रबर फाटलं नव्हतं, चिरडलं होतं. एका बाजूने कागदासारखं पातळ, दुसऱ्या बाजूने फुगलेलं, आणि अंगभर पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ती रबरं टेबलावर पिळलेलीच पडून राहिली. डावा शॉकअप तर तेल ओकून कधीच मेलेला होता. उजवा अजून बरा दम धरून होता.

एकट्याने चालवलेली गाडी उजवीकडे झिजते. चालवणारा उजवीकडे बसतो, डावी सीट रिकामी असते, यात शिकण्यासारखं काही नाही. ही गाडी डावीकडे झिजली होती. वर्षानुवर्षं डाव्या सीटवर कुणीतरी बसलं होतं, आणि ते कुणीतरी चष्मेवाल्याच्या दुप्पट वजनाचं होतं.

ताईच्या मनात पाल चुकचुकली. पण ती कामातली बाई होती, आणि कामातल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतंच. सामान ठेवत असेल. चष्म्याच्या काचांच्या पेट्या काय कमी जड असतात. नाहीतर असेल कुणी बाई, जिचं नाव काढायचं नाही. एकटा माणूस म्हणवणारे सगळेच एकटे नसतात. तिने स्वतःशी हसून रेडिओ लावला.

मास्तर डबा घेऊन आले तेव्हा तिने ती रबरं दाखवली.

"मास्तर, तुमच्या चष्मेवाल्याची कुणीतरी चांगली खात्यापित्या घरची मैत्रीण होती बरं का."

मास्तर रबर हातात घेऊन भूगोलाच्या नमुन्यासारखं निरखू लागले. "याला बिचाऱ्याला केवढं सोसावं लागलं असेल," ते म्हणाले.

३

नवे बुश घालणं हा ताकदीचा खेळ, पण नट आवळणं हा अकलेचा. गाडी जॅकवर लटकलेली असताना नट आवळला, तर खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, चालवणाऱ्याइतकं वजन सीटवर ठेवायचं, आणि मग खालून शेवटचा पिळा द्यायचा. शिंपी गिऱ्हाइकाला उभं करून माप घेतो, तसं. त्यासाठी वडिलांनी ताडपत्रीच्या जाड पिशव्या शिवून त्यांत वाळू भरून ठेवली होती. पुष्कळ गॅरेजवाले ही कटकट करत नाहीत. ताई करायची.

पुढच्या रविवारी तिने मास्तरांच्या वजनाच्या पिशव्या उजव्या सीटवर रचल्या. डावी सीट रिकामी ठेवली, कारण मास्तर शाळेत एकटेच जाणार होते. गाडी दोन्हीकडून दाबून सोडून तिने ती बसवून घेतली. नवे शॉकअप झकास होते. गाडी दबायची आणि एकही झोका न घेता सावकाश वर यायची.

मग तिने उजव्या मागच्या चाकावर बोटं घातली. दोन. बरोबर.

डावीकडे गेली. दोन बोटं गेली. तिसरं जाईना.

तिने बोटं काढून पुसली आणि पुन्हा घातली. दोनच. दोन्ही टायरांची हवा पाहिली, सारखी होती. जमिनीवर पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध उभा राहिला. डाव्या काचेतून आत डोकावली. रिकामी सीट, तिच्यावर खिडकीतून पडलेलं ऊन, उन्हात धूळ.

स्प्रिंग थकली असेल, तिने ठरवलं. एवढी वर्षं भार सोसला, बसली असेल. कारण चांगलं होतं, वडीलही हेच म्हणाले असते. ती पाने घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरली.

खड्ड्यात उभं राहिलं की गाडीचा तळ डोक्यापासून हातभर अंतरावर येतो. या गाडीच्या सीटा मागच्या चाकांना खेटून होत्या, त्यामुळे डावीकडचा नट आवळताना ताईचं डोकं बरोबर डाव्या सीटखाली होतं. शटर अर्धं उघडं होतं, बाहेर भर सकाळची रहदारी चालू होती, कुणाची तरी सायकलची घंटी वाजली. तिने पाना नटावर चढवला आणि जोर लावला.

वर सीट कुरकुरली.

नुसता पत्रा वाजतो तसा तो आवाज नव्हता. बराच वेळ एका जागी बसलेला माणूस अंग चाळवतो, एका कुल्ल्यावरचा भार दुसऱ्यावर घेतो, तसा तो आवाज होता. पाठोपाठ तळाचा पत्रा तिच्या डोळ्यांसमोर किंचित खाली आला आणि थांबला.

"मास्तर?" ती म्हणाली. "आलात का?"

आपण भ्यालो आहोत हे तिला कळलं, आणि त्याचा तिला रागही आला, कारण या खड्ड्यात ती लहानपणी पुस्तक वाचत बसायची. ती वर आली. गाडीत कुणी नव्हतं. शटरपाशी कुणी नव्हतं. पिशव्या उजव्या सीटवर जशाच्या तशा होत्या.

आता इथे दुसरं कुणी असतं तर शटर ओढून घरी गेलं असतं. पण अर्धवट आवळलेला नट सोडून जाणं ताईच्या रक्तात नव्हतं. ती पुन्हा खाली उतरली, मान वाकडी करून, तळाकडे न बघता तिने चारही नट पुरते आवळले. शेवटच्या नटावर पाना कट्ट करून वाजला. गाडी होती त्या उंचीला, होती त्या वजनाला, पक्की झाली.

जाता जाता तिने डाव्या दाराची मूठही बसवली. मूठ पुढच्या कप्प्यातच पडलेली होती, दोन स्क्रूचं काम. चष्मेवाला राहू द्या म्हणाला होता खरा, पण लोकांना आपल्या गाडीतलं काय मोडलंय तेही नीट माहीत नसतं, आणि आतून न उघडणारं दार म्हणजे अपघातात सापळाच.

४

मास्तर पहिल्यांदा गाडी घेऊन गेले आणि परत आले ते एखाद्या पोरासारखे लाल होऊन.

"अगं, तरंगते. खड्डा कळतच नाही."

"खड्डा बघून चालवा, तरंगू नका."

त्यांनी तिला डावीकडे बसवून एक चक्कर मारायचा फार हट्ट धरला. ताई आज नाही उद्या म्हणत राहिली. हाताला ग्रीस आहे, कमरेत उसण आहे, कपडे वाळत घालायचेत. खरं कारण तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

गाडी घराच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी राहायची. सकाळी मास्तर अंघोळीला गेले की ताई पाणी घालायच्या निमित्ताने बाहेर यायची आणि डाव्या चाकावर बोटं घालायची. दोन. रोज दोन. थकलेली स्प्रिंग, ती म्हणायची, आणि एक नवी मागवून ठेवली पाहिजे असंही म्हणायची.

मग एका सकाळी तीन बोटं सहज गेली.

थकलेली स्प्रिंग आपोआप तरणी होत नाही. ताई बराच वेळ तशीच वाकून राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या वेळी पुन्हा दोन. संध्याकाळी मास्तर आल्यावर दोन, आणि चहा पिऊन झाल्यावर तीन.

हळूहळू मास्तरांकडेही तिचं लक्ष गेलं. झिजलेली गोष्ट ओळखणं हा तिचा धंदाच होता. दाराशी काढलेल्या त्यांच्या बुटांत डाव्या बुटाची टाच बाहेरून खाल्ली गेली होती, उजवी होती तशी होती. सदऱ्याची डावी बाही लांब दिसू लागली. डावा गुडघा दुखतो, ते म्हणायचे. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि वयाचं नाव घेतलं. एकदा ते फळ्यापाशी उभे असलेला शाळेतला फोटो कुणीतरी पाठवला. डाव्या हातात भरलेली बादली धरावी तसे मास्तर उभे होते.

"मास्तर, गाडी नको चालवूया काही दिवस."

"का? आता कुठे मजा येतेय." ते हसले, पण हसता हसता त्यांनी डावा खांदा दाबला. "खरं सांगू? गाडीत एकटं असं वाटतच नाही. सोबत असल्यासारखं वाटतं. तुझ्या हातचं काम म्हणून असेल."

५

तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. ऐकीव गोष्टीवर ती कधी इंजिन उघडत नसे, मग स्वतःच्या भीतीवर तरी का उघडावं.

शाळा सुटायच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. उजेड भरपूर होता. मास्तरांनी गाडी लावली, उतरले, आणि पाय ओढत घरात आले. बैठकीच्या खोलीत त्यांनी जुन्या कोचावर अंग टाकल्याचा आवाज तिने ऐकला.

अंगणात गाडी एकटी उभी होती. उजवी बाजू मास्तर उतरल्याबरोबर वर आली होती. डावी खाली. पाठीमागून पाहिलं तर गाडी डावीकडे कललेली, जणू डोकं टेकवून कुणाचं तरी ऐकतेय. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. ताईच्या गॅसवरचं दूध उतू गेलं, तिने हात लांब करून गॅस बंद केला, पण मान वळवली नाही.

मग दाराची मूठ वाजली. तिनेच बसवलेली, तिनेच तेल घातलेली, म्हणून आवाज अगदी मऊ होता. गाडी खिडकीकडे पाठ करून तिरकी उभी होती, त्यामुळे डावं दार तिला दिसलं नाही. तिला दिसलं ते मागचं डावं चाक आणि त्यावरची कमान. ती कमान वर येऊ लागली. सावकाश, एकसारखी, एकही झोका न घेता, नवा शॉकअप नीट बसवला असेल तर जशी यावी तशी. बोटभर वर आली आणि थांबली. दार हळूच लोटलं गेलं.

गाडी सरळ उभी होती.

पुढच्या क्षणी ओटीवरची ती एक लाकडी पायरी, जी मास्तरांच्या पायाखालीच वाजायची आणि ताईच्या वजनाला कधी दाद द्यायची नाही, ती वाजली. ताई बैठकीच्या खोलीकडे धावली. ती गेली तेव्हा मास्तर कोचाच्या उजव्या टोकाला बसून पेपर वाचत होते. डावीकडची गादी दबलेली होती. जुना कोच होता, तो सगळीकडेच दबलेला होता. ताईने हे कारण मनात घट्ट धरलं आणि ते हातातून निसटलं.

तिने मागच्या खोलीत जाऊन चष्मेवाल्याला फोन लावला.

"गाडी बरी आहे ना?" तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "मास्तर बरे आहेत ना?"

"तुमच्या शेजारी कोण बसायचं?"

बराच वेळ त्याच्या दुकानातली घंटा, गिऱ्हाइकांची बोलणी ऐकू येत राहिली. "ताई," तो शेवटी म्हणाला, "ते दार तसंच आहे ना?"

"मी दुरुस्त केलं."

"मग ते आता घरात येत असेल," तो म्हणाला. "माझ्याही घरात यायचं. म्हणून तर मूठ काढली होती, ते गाडीत असताना." आणि त्याने फोन ठेवला. नंतर तो त्याने कधी उचलला नाही, आणि दुकानाचं दार ताईला पाहून आतून बंद झालं.

६

मास्तरांना तिने सगळं सांगितलं नाही. काय सांगणार. तिने एवढंच म्हटलं की गाडीच्या सांगाड्यातच दोष आहे, आणि तुमचं अंग दुखतंय ते त्यामुळेच. गाडी भंगारात द्यायची.

मास्तरांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. त्यांचं तोंड बघून तिला गलबलून आलं. "तू म्हणतेस तर देऊ," ते म्हणाले. "विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. पण मग आजच दे, मला तिच्याकडे बघवणार नाही."

"आज नाही. डाव्या बाजूला दोन बोटं आली की मगच. तोपर्यंत तुम्ही तिला हात लावायचा नाही."

"दोन बोटं कशाला? भंगारात तर जाणार."

"आली पाहिजेत. त्याशिवाय माझ्या जिवाला थारा नाही."

मास्तरांनी यावर वाद घातला नाही. बायको गाडीबद्दल काही म्हणाली की नंदीबैलासारखी मान हलवायची, हे त्यांचं संसाराचं तत्त्व होतं.

ताईचा हिशेब सरळ होता. दोन बोटं म्हणजे ते आत बसलेलं. त्या वेळी क्रेन बोलवायची, दार आवळून बांधायचं आणि गाडी पाठवून द्यायची. तिने गाडीवर कव्हर घातलं, कारण त्या सीटकडे बघण्याची तिची आता हिंमत नव्हती. कव्हरची कड उचलून ती फक्त बोटं घालायची. सकाळी तीन. दुपारी तीन. संध्याकाळी तीन.

ते घरातच होतं. मास्तर गाडीत बसत नव्हते, मग त्याने तरी कशाला बसावं. मास्तर पलंगावर पडले की पलंगाची डावी पट्टी करकरायची. मास्तर जेवायला बसले की शेजारची खुर्ची सरकल्यासारखी वाटायची, आणि ताई भरभर जाऊन ती टेबलाखाली ढकलून यायची. मास्तर आता काठी वापरू लागले होते. त्यांचा डावा हात गुडघ्याच्या जवळ आला होता. एकदा झोपेत ते म्हणाले, "जरा सरकता का," आणि ताई पलंगाच्या त्या बाजूला नव्हतीच.

ती रोज आधीपेक्षा जास्त वेळा अंगणात जाऊ लागली. मास्तर खिडकीतून तिला बघायचे, तिचा चेहरा वाचायचे. तीन बोटं असली की ती पायरीवर बसून राहायची, हातात तोंड घालून.

आणि एका सकाळी दोन बोटं आली.

तिचा विश्वास बसेना. पुन्हा घातली. दोन, तिसरं जाईना. गाडी कव्हराखाली डावीकडे छान कललेली होती. तिने कव्हरवरूनच दोराने गाडी आडवीतिडवी आवळून बांधली. क्रेनवाल्याला फोन केला, तो आला, म्हणाला, "ताई, प्रेत बांधल्यासारखी बांधलीत की." मागचं चाक उचललं गेलं तेव्हा ती श्वास धरून उभी होती. काही उतरलं नाही, काही वाजलं नाही. गाडी गल्लीच्या वळणावरून गेली आणि ताई अंगणात मटकन बसली आणि रडली. बरं वाटल्याचं रडू होतं ते. कितीतरी दिवसांनी तिला अंगणातलं ऊन ऊन वाटलं.

७

त्या दुपारी तिने घर झाडून काढलं, दारंखिडक्या उघडल्या, मास्तरांच्या आवडीचा कडक चहा टाकला. चहा उकळेपर्यंत अंगण आवरावं म्हणून ती बाहेर आली. भिंतीच्या कोपऱ्यात तिच्या वाळूच्या पिशव्या रचलेल्या असायच्या, गाडीतून घरी आलेल्या आणि गॅरेजात परत न्यायच्या राहून गेलेल्या. धूळ झटकावी म्हणून ती वाकली.

रास बुटकी झाली होती. जिथे पिशव्या असायच्या तिथे फरशीवर कोरडा, स्वच्छ चौकोन होता, आणि तिथून गाडीच्या जागेपर्यंत काहीतरी जड ओढत नेल्याची रेघ होती.

ताई आत आली. गॅस बंद केला की नाही ते तिला आठवेना. मास्तर कोचाच्या उजव्या टोकाला बसले होते, काठी गुडघ्याशी टेकवलेली.

"अहो," ती म्हणाली, "पिशव्या कुठायत?"

मास्तर ओशाळं हसले. परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या पोरासारखं.

"रागावू नकोस. तुझं ते दोन बोटं, दोन बोटं बघवत नव्हतं मला. दोन आली की तुझा जीव भांड्यात पडणार, हे मला माहीत होतं. मग पहाटे उठून ठेवल्या डाव्या सीटवर. दम लागला पार, एका हाताने ओढायच्या म्हणजे." ते थांबले. "पडला ना जीव भांड्यात? मी बघितलं खिडकीतून. किती दिवसांनी तुझा चेहरा..."

या माणसाने मोडक्या अंगाने वाळू ओढली होती, फक्त तिला बरं वाटावं म्हणून. तिला त्याच्या पायाशी बसून रडायचं होतं. पण तिची नजर कोचावरून हलत नव्हती.

डावीकडची गादी खोल गेलेली होती. दबलेल्या जुन्या गादीसारखी नव्हे, आत्ता, या क्षणी कुणीतरी बसलेलं असतं तशी, कडेचं कापड ताणून. जड माणूस शेजारी बसला की कोचावरचा हलका माणूस आपोआप त्याच्याकडे घसरतो, तसे मास्तर डावीकडे घसरलेले होते, आणि उजव्या हाताने कोचाचा हात धरून स्वतःला सावरत होते. असं किती वेळ धरून बसले असतील कोण जाणे.

"उभी का? बस ना," मास्तर म्हणाले. मग डावीकडे जागा मोकळी असताना ते धडपडत आणखी उजवीकडे सरकले, वीतभर जागा केली. "इकडे बस. तिकडे नको."

"तिकडे का नको?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "काय माहीत," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती आली.

ताईने आयुष्यभर झिजलेल्या गोष्टी बदलल्या होत्या. एकच बाजू सतत दबत राहिली तर तिचं काय होतं ते तिच्या टेबलावर अजून पडलेलं होतं, कागदासारखं पातळ. मास्तर फार दिवस टिकणार नव्हते. ती कोचाला वळसा घालून डावीकडे आली, पदर आवरला आणि त्या खोल गेलेल्या जागेवर बसली.

गादी तिच्या वजनाने जराही खाली गेली नाही.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग मास्तरांनी एकदा मान फिरवली, खांदे मागे घेतले, आणि कितीतरी महिन्यांनी सरळ, ताठ होऊन बसले.

"अगं, गंमत बघ," ते म्हणाले, "तू बसलीस आणि एकदम हलकं वाटलं."

"हो का," ताई म्हणाली. तिचा डावा खांदा सावकाश खाली येत होता, एकसारखा, एकही झोका न घेता.